हेलिकॉप्टर उडवणारं पोरगं आणि रमीत बुडालेलं पोरगं एकाच मापात मोजू नका

मोबाईल आडवा धरला की पोरगं वाया गेलं. भांडगाव असो, यवत असो नाहीतर केडगाव, आपल्या भागात हा निकाल कधीच लागून गेलाय. मोबाईल उभा असेल तर पोरगं रील बघतंय, ते चालतं. तासन् तास बघितलं तरी कोणी विचारत नाही. पण तोच मोबाईल आडवा झाला, दोन्ही अंगठे हलायला लागले की घरातली तीन माणसं एकदम बोलतात. "झालं याचं चालू."

मंडळी, आज या आडव्या मोबाईलवरच लिहायचंय. लांब लिहिलंय, पण ज्यांच्या घरात बारा ते पंचवीस वयातलं पोरगं आहे त्यांनी पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट. आडव्या मोबाईलमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात आणि आपण तिघांनाही "गेम" म्हणतो. एक पोरगं पैसे लावून पत्ते नाहीतर रंगांवर बोली लावत असतं. दुसरं नुसता वेळ घालवत असतं, उद्या विचारलं तर काय खेळलो तेही सांगता येणार नाही. आणि तिसरं काहीतरी शिकत असतं. पहिलं आपल्याला घर विकायला लावू शकतं. दुसरं शाळा बुडवतं. तिसऱ्याचं काय करायचं हे आपल्याला कळत नाही, म्हणून आपण त्यालाही पहिल्याच्या रांगेत उभं करतो.

तिसरं म्हणजे काय? एकच उदाहरण घेतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. लढाईच्या गेममध्ये हेलिकॉप्टर उडवणं.

हसू नका. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांनी तर अजिबात हसू नका. व्हाइस सिटी आठवते का? २००२ साली आलेली. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून आपण ती खेळायचो. त्यात एक मिशन होतं, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत छोटं रिमोटचं हेलिकॉप्टर घालून बॉम्ब ठेवायचे. आपली अर्धी पिढी तिथं अडकली. कोणी शहाणा मित्र आला तर तो पार करून द्यायचा आणि आख्खं कॅफे त्याच्याभोवती जमायचं. बंदूक सगळ्यांना चालवता यायची, गाडी सगळ्यांना पळवता यायची. हेलिकॉप्टरला मात्र हात कापायचे. कारण गेममधलं हेलिकॉप्टरसुद्धा शिकावं लागतं.

का अवघड आहे ते सांगतो. गाडीला सोडून दिलं तर ती थांबते. विमान सोडून दिलं तर काही वेळ तरी सरळ जातं. हेलिकॉप्टर सोडून दिलं तर ते पडतं. वरचा मोठा पंखा एका बाजूला फिरतो, त्यामुळे खालचं धूड उलट्या बाजूला फिरायला बघतं. ते फिरू नये म्हणून शेपटीला छोटा पंखा असतो. पंख्याची ताकद वाढवली की शेपटीचंही सांभाळावं लागतं. पुढे जायचं तर नाक खाली करायचं, नाक खाली केलं की उंची जाते, उंची गेली की ताकद वाढवायची, ताकद वाढवली की परत शेपूट. एकाला हात लावला की बाकी तीन बिघडतात. खऱ्या पायलटचा डावा हात एका दांडीवर, उजवा दुसऱ्या दांडीवर आणि दोन्ही पाय पेडलवर असतात, ते याच कारणाने. गेममध्ये तेच काम माऊस आणि कीबोर्डवर किंवा मोबाईलच्या काचेवर दोन अंगठ्यांनी करायचं.

आपल्या भाषेत सांगू? उसाची ट्रॉली रिव्हर्स घेऊन बघा. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे. नवखा माणूस पहिल्या दिवशी ट्रॉली आडवी घालतोच. आणि मागे दोन ट्रॉल्या असल्या तर गावात दोन-तीनच गडी निघतात ज्यांना ते जमतं. त्यांना विचारा, कसं करता? सांगता येणार नाही त्यांना. म्हणतील, "हाताला कळतं." हेलिकॉप्टरचंही तसंच. डोक्याने समजून भागत नाही, हाताला कळावं लागतं. आणि हाताला कळायला शंभर वेळा पडावं लागतं.

या गेम दोन प्रकारच्या आहेत, तेही सांगून ठेवतो. मोबाईलवर पबजीमध्ये पेलोड नावाच्या मोडमध्ये हेलिकॉप्टर आलं, २०१९ साली. ते सोपं आहे, दोन दिवसात जमतं. कॉम्प्युटरवरच्या आर्मा, वॉर थंडर, बॅटलफिल्ड या गेममध्ये मात्र खरी परीक्षा असते. आर्मा-३ मध्ये तर खऱ्या हेलिकॉप्टरच्या जवळ जाणारी पद्धत चालू करता येते. फार वेगात सरळ खाली उतरायला गेलात तर हेलिकॉप्टर स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत बुडतं. अशा वेळी घाबरून ताकद वाढवली तर आणखी बुडतं. नाक पुढे करून त्या हवेतून बाहेर पडायचं, हा उपाय. इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर उतरवता येतं. पंख्याचा कोन पटकन कमी करायचा, खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरता ठेवायचा आणि जमिनीजवळ आल्यावर एकदाच ती साठलेली ताकद वापरायची. जे पोरगं हे करतं, त्याला कोणी भौतिकशास्त्राचा धडा म्हणून शिकवलेलं नसतं. त्यानं व्हिडिओ बघून, मोडकं-तोडकं इंग्रजी वाचून, पडून-पडून शिकलेलं असतं.

शिकायची पद्धतही बघा. जी पोरं खरोखर चांगली उडवतात ती पहिल्या दिवशी लढाईत जात नाहीत. रिकाम्या नकाशावर जातात. आधी एका जागी हवेत स्थिर राहायचं, काही न करता. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात अवघड. मग ठरलेल्या जागी उतरायचं. मग झाडांच्या मध्ये उतरायचं. मग जमिनीला चिकटून, टेकडीच्या आडोशाने जायचं. शेवटी गोळीबारात. आपण विहिरीत पोहायला कसं शिकलो? पाठीला डबा बांधून, आधी कडेकडेने. डबा कोणी पहिल्या दिवशी सोडला नाही. तीच रीत आहे ही.

आता मल्टिप्लेअरचा भाग, म्हणजे दहा-वीस-पन्नास माणसं एकाच वेळी खेळतात तो. यात हेलिकॉप्टर चालवणाऱ्याचं काम गोळ्या मारायचं कमी आणि माणसं पोचवायचं जास्त असतं. मागे सात-आठ जण बसलेले. ते खरे लोक, कोणी नागपूरचा, कोणी केरळचा, कोणी परदेशातला. हेडफोनवर सगळे बोलतायत. पायलटने चूक केली की सगळे एकदम मरतात आणि सगळे एकदम शिव्या घालतात. चांगल्या गटात असं नवखं पोरगं आलं तर त्याला आधी रिकामं हेलिकॉप्टर देतात. माणसं नंतर. मला विचाराल तर आपल्या हायवेवर माणसं भरून वडाप चालवणाऱ्या काही जणांनाही हीच अट घालायला हवी.

गंमत सोडा. पण जबाबदारी कळायला पोराला कुठेतरी जबाबदारी द्यावी लागते. घरात आपण देत नाही. शेतात "तुला काय कळतंय, बाजूला हो" म्हणतो. मग ते पोरगं जिथं त्याच्या शब्दाला किंमत आहे तिथं जातं. यात पोराचा दोष किती आणि आपला किती, हे ज्याने त्याने घरी बसून ठरवावं.

आता या विषयाचा गावाशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांसाठी.

मे २०२५ आठवा. ऑपरेशन सिंदूरचे ते दिवस. आपल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्रभर व्हिडिओ येत होते. विमान पडलं, हेलिकॉप्टर पाडलं, क्षेपणास्त्र सुटलं. त्यातले काही व्हिडिओ चक्क गेममधले होते. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला सांगावं लागलं की ही लढाई नाही, गेम आहे. युक्रेनच्या युद्धातही असंच झालं होतं. शेवटी आर्मा-३ बनवणाऱ्या चेक देशातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीनेच नोव्हेंबर २०२२ मध्ये पत्रक काढलं, की बाबांनो, आमच्या गेमचे व्हिडिओ खरं युद्ध म्हणून फिरवतायत. ओळखायचं कसं तेही सांगितलं. चित्र मुद्दाम अंधुक केलेलं असतं. कॅमेरा हलत असतो. बहुतेक वेळा रात्र असते. आवाज नसतो. आणि त्यात चालती-फिरती माणसं दिसत नाहीत, कारण गेममधली माणसं लगेच ओळखू येतात.

आपल्या ग्रुपवर शिकलेली, नोकरीतून रिटायर झालेली, गावात मान असलेली मंडळी ते व्हिडिओ पुढे ढकलत होती. आणि ज्याला आपण वाया गेलेला म्हणतो ते पोरगं दोन सेकंदात सांगू शकत होतं, "तात्या, हे खोटंय, हेलिकॉप्टर असं वळत नाही. धूर बघा, असा धूर गेममध्येच निघतो." पण त्याला ग्रुपवर बोलायची सोय नाही. मोठ्यांच्या ग्रुपवर लहानांनी चूक दाखवली तर उद्धट ठरतो. सीमेवर तणाव असताना खोटा व्हिडिओ गावात पसरणं हा काही साधा विषय नाही. त्यातून दंगे होतात, एखाद्या समाजावर राग निघतो. अशा वेळी ज्याच्याकडे डोळा आहे त्याला आपण गप्प बसवतो आणि ज्याच्याकडे फक्त फॉरवर्डचं बटण आहे त्याला पुढारी करतो.

दुसरं उदाहरण तर अगदी घरचं. २०२४ च्या जूनच्या सुमारास पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोकांची झोप उडाली होती. चोर टेहळणी करतायत म्हणून पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती. ड्रोन किती वेळ हवेत राहतो, किती लांबून चालवता येतो, त्याचे दिवे कसे असतात आणि विमानाचे कसे, हे माहीत असलेलं एखादं माणूस प्रत्येक गावात असतं तर निम्मी भीती तिथल्या तिथं कमी झाली असती.

आता दुसरी बाजू. ती न सांगता पुढे गेलो तर मी पोरांची वकिली करतोय असं होईल.

मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रेल्वेरुळाजवळ पबजी खेळत बसलेल्या दोन तरुणांना रेल्वेने उडवलं. आपल्या यवत-खुटबाव-केडगाव-पाटस पट्ट्यात रुळाच्या कडेला संध्याकाळी किती पोरं बसतात ते जाऊन बघा. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घातलंय, ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण त्यांनी व्यसन कशाला म्हणायचं तेही सांगितलंय. किती वेळ खेळतो हे माप नाही. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा तो आजार. तुमचं पोरगं जेवायला हाक मारल्यावर "ही एक मॅच" म्हणतं, हा आजार नाही. तो राग येण्यासारखा प्रकार आहे, पण आजार नाही. मात्र ते शाळा सोडतंय, अंघोळ टाळतंय, रात्र-रात्र जागतंय, मित्र तोडतंय, तर त्याला मोबाईल फोडून उपयोग नाही, डॉक्टरकडे न्या. पुण्यात मानसोपचार तज्ज्ञ आहेत, ससूनमध्ये विभाग आहे. लाज वाटायचं कारण नाही.

आणि पैसे लावायचे खेळ. इथं मात्र मी कसलीही सवलत देणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्याच्या, स्पर्धेच्या गेमला, खेळ म्हणून वेगळं मानलं. म्हणजे जो फरक मी इथं ओरडून सांगतोय तो कायद्याने आधीच केलाय. आपल्या घरात तो अजून पोचला नाही, एवढंच.

गंमत बघा. त्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२५ मध्ये, आपल्याच राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहात मोबाईलवर रमी असल्याचा व्हिडिओ गाजला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, जाहिरात आली होती ती बंद करत होतो. खरं-खोटं ठरवणारा मी कोण. पुढे त्यांचं खातं बदललं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. यावर मी काही बोलत नाही, तुम्ही सुज्ञ आहात. मुद्दा एवढाच की त्या वेळी रमीवर राज्यभर चर्चा झाली, पण गावागावात रमीपायी झालेल्या कर्जावर झाली नाही. कायदा आला तरी चोरवाटा आहेतच. म्हणून बापाने पोराच्या मोबाईलवर गेम आहे का ते बघण्यापेक्षा पैसे कुठं गेले ते बघावं. यूपीआयची यादी उघडा. हेलिकॉप्टर उडवणाऱ्या पोराच्या यादीत वडापाव आणि रिचार्ज सापडेल. रमीवाल्याची यादी बघून तुम्हालाच दरदरून घाम फुटेल.

आता प्रश्न, या हेलिकॉप्टरच्या हाताचं करायचं काय?

स्वप्न विकणारे खूप आहेत, मी विकणार नाही. गेम खेळून कोणी पायलट होत नाही. नाशिकला लष्कराची हेलिकॉप्टर पायलट घडवणारी शाळा आहे. २०२२ मध्ये तिथूनच कॅप्टन अभिलाषा बराक लष्करी हवाई दलातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. तिथं जायला आधी सैन्यात अधिकारी व्हावं लागतं, त्यासाठी परीक्षा, मुलाखत, मैदान, वैद्यकीय तपासणी. खासगीत शिकायचं तर खर्च लाखांच्या पटीत. गेममध्ये पोटात गोळा येत नाही, अंगावर वजन येत नाही, आणि पडल्यावर पुन्हा सुरू करायचं बटण असतं. खऱ्या आयुष्यात ते नसतं. खेळातून फायदा होतो तो हाताच्या सवयीचा आणि शांत डोक्याचा. हा फायदा छोटा आहे, पण खोटा नाही. लष्कर आणि हवाई कंपन्यासुद्धा सिम्युलेटरवर सराव करून घेतात तो उगाच नाही.

पण आपल्या भागात या हाताला एक जवळचं काम आहे. ड्रोन. फवारणीच्या ड्रोनला दोन काड्या असतात. वर-खाली, गोल फिरणं, पुढे-मागे, डावी-उजवी. हेलिकॉप्टरच्या त्याच चार गोष्टी. ड्रोनच्या अधिकृत प्रशिक्षणात सिम्युलेटरवरचा सराव असतोच. परवान्यासाठी वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण लागतं. आपला तालुका उसाचा. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्याला विचारा. पानं चिरतात, औषध अंगावर येतं, साप-किरडूची भीती वेगळी. ड्रोन ते काम वरून करतो, एकराला काही मिनिटांत. केंद्राने "नमो ड्रोन दीदी" योजनेत बचत गटांना ड्रोनसाठी ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत ठेवली. देशभरात १५,००० गटांचं उद्दिष्ट होतं.

आणि इथं एक टोचणारी गोष्ट. योजना दीदींची आहे, पण आपल्या घरात आडवा मोबाईल पोरीच्या हातात कधी असतो? पोराला निदान शिव्या खाऊन तरी खेळायला मिळतं. पोरीला मोबाईलच मोजून मिळतो. मग ड्रोन आल्यावर काडी कोणाच्या हातात जाते? नाव गटाचं आणि चालवणारा नवरा नाहीतर दीर. हे बदलायचं असेल तर सुरुवात घरातूनच करावी लागेल.

म्हणून माझं म्हणणं चार ओळींत.

एक. आईबापांनी ओरडण्याआधी दहा मिनिटं शेजारी बसावं आणि विचारावं, "हे काय चाललंय, दाखव बरं." पोरगं दाखवायला लागलं तर समजा शिकतंय. स्क्रीन लपवलं तर समजा पैशाचा मामला आहे.

दोन. वेळ बांधून द्या आणि आपणही पाळा. दिवसाला एक तास म्हटलं तर एक तास. बाप स्वतः रात्री बारापर्यंत रील बघत असेल तर पोराला सांगायचा अधिकार राहत नाही.

तीन. ग्रामपंचायतीने अभ्यासिकेत दोन बऱ्यापैकी कॉम्प्युटर आणि एक ड्रोन सिम्युलेटरचा रिमोट ठेवावा. व्यायामशाळेला आणि कमानीला पैसे मिळतात, तर याला का नाही? खर्च एका कमानीच्या रंगाइतका. शनिवार-रविवार ठरलेल्या वेळी, पोरापोरींना सारखाच वेळ, आणि लक्ष ठेवायला एक जबाबदार माणूस. ग्रामसभेत हा विषय मांडायला मी तयार आहे, हात वर करायला तुम्ही या.

चार. गावच्या मोठ्या ग्रुपवर असं एक तरी पोरगं नाहीतर पोरगी अॅडमिन करा, जिला व्हिडिओ खरा की गेमचा हे कळतं. आणि तिने "खोटं आहे" म्हटलं तर मोठ्यांनी राग न मानता डिलीट करावं.

मी गेमच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही. माझा विरोध एकच माप लावायला आहे. काट्यावर कोणी आपला ऊस आणि पाचट एकत्र मोजून एकच भाव दिला तर आपण भांडायला उभे राहतो. पोरांच्या बाबतीत मात्र आपणच सगळं एकत्र मोजतो आणि सगळ्याला पाचट म्हणतो.

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नाही तर खाली लिहा, मी वाचतो आणि उत्तर देतो. आणि तुमच्या घरात खरंच कोणी चांगलं हेलिकॉप्टर उडवणारं असेल तर त्याला नाहीतर तिला हे वाचायला द्या. एवढ्या वर्षांत कोणीतरी त्यांच्या बाजूचंही बोललं, एवढं त्यांना कळू द्या.